मामा, शटर आणि महालक्ष्मी

आर्ट गॅलरीच्या ओपनिंगला जायचे काही फंडे असतात. मास कॉमच्या डिग्रीत ते शिकवत नाहीत, फ्रीलान्सिंगच्या पहिल्या वर्षात आपले आपण कळतात. वेळेवर जायचं नाही. वाइनचा ग्लास नुसता हातात धरायचा, संपवायचा नाही, कारण तो संपला की आपण एकटेच उभे आहोत हे सगळ्यांना दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही कलाकृतीसमोर 'हे काय आहे?' असं मोठ्याने विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत हे सगळे नियम मी एकाच संध्याकाळी मोडले. कारण माझ्याबरोबर मामा होते.

मामा कोल्हापूरचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे ठाण्याला आले होते. एक डोळा झाला होता, दुसरा पंधरा दिवसांनी व्हायचा होता. मधले पंधरा दिवस वन-बीएचकेमध्ये मी, माझा लॅपटॉप आणि मामा. त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा मिटून. 'ह्या डोळ्यानं तुझा पडदा निळा हाय, आन् ह्या डोळ्यानं मातकट. खरा कुठला गं?' मी मेलमध्ये डोकं घालून म्हणायचे, 'निळा, मामा.'

मामा पेंटर. म्हणजे बोर्ड पेंटर. १९७९ साली त्यांनी बसस्टँडजवळ गाळा घेतला आणि २००८ साली तो बंद केला. मधल्या जवळपास तीस वर्षांत त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागचे मोर रंगवले, दूध संस्थांचे बोर्ड, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, तालमीतला हनुमान आणि प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाचं चिन्ह, सगळ्यांना सारख्याच रेटने. मग फ्लेक्स आला. ज्या बोर्डाला मामांना तीन दिवस लागायचे तो दोन तासांत प्रिंट होऊन मिळायला लागला, वर दुकानदाराचा फोटोही येतो! मामांनी ब्रश एका डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. पुढे कधी त्यावर ते फार बोलले नाहीत. आमच्या घरात असल्या गोष्टींवर कुणी फार बोलत नाही.

तर, या कॉलमसाठी माझा विषय ठरलेला होता. आजच्या आर्टचा चित्रकलेच्या परंपरेशी काही संबंध उरलाय का? माझी जेजेमध्ये शिकलेली एक मैत्रीण मला गेली चार वर्षं ठणकावून सांगते आहे की पेंटिंग इज सो ओव्हर. आता व्हिडिओ, इन्स्टॉलेशन, परफॉर्मन्स. कॅनव्हास फक्त बिल्डर लोकांच्या लॉबीत. मला तिचं पटायचं. म्हणजे, वाद घालण्याएवढं मला कळत नव्हतं म्हणून पटायचं. हेडिंगसुद्धा तयार होतं: 'पेंटिंगचा फोन नॉट रीचेबल.' म्हटलं, मामांना घेऊन जाऊ, ते गोंधळतील, चारदोन मजेशीर वाक्यं बोलतील, कॉलम सुटेल. हे लिहिताना जरा लाज वाटते आहे, पण प्लॅन तोच होता.

गॅलरीत पहिल्या खोलीत जमिनीवर मीठ पसरलं होतं. मामा त्याला वळसा घालून गेले. दुसऱ्या खोलीत अंधारात एक बाई स्क्रीनवर सलग केस विंचरत होती. मामा दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, 'दमली असंल.' तिसऱ्या खोलीत मात्र ते दारातच थबकले.

समोरच्या अख्ख्या भिंतीवर पत्र्याच्या तीस पाट्या. किराणा दुकानाच्या असतात तशा, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, अक्षरांना काळी शेडो. पण मजकूर आपल्या ऑफिसातला. 'जस्ट अ जेंटल रिमाइंडर.' 'अ‍ॅज पर माय लास्ट मेल.' 'कॅन वी टेक धिस ऑफलाइन?' सगळं देवनागरीत, ठसठशीत. लोक हसत होते, फोटो काढत होते. मीही काढला. तुमच्याही कुणीतरी तो स्टेटसला लावला असेल. सही आयडिया होती, यात वादच नाही.

मामा हसत नव्हते. ते पाटीपासून वीतभर अंतरावर उभे राहून, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने अक्षरांच्या कडा बघत होते. मग मोठ्याने म्हणाले, 'हे कुणी काढलंय?'

मी कलाकाराचं नाव सांगितलं. ते भिंतीवर लिहिलेलंच होतं.

'त्यानं न्हाई काढलं.'

'मामा, हळू.'

'अगं, बघ की हिकडं. ह्या क-चं पोट बघ. ब्रश एकदाच वढलाय, परत फिरवला न्हाई. दहा वर्षं रोज काढल्याबिगर असा क येत न्हाई. आणि ह्या चार पाट्या दुसऱ्या माणसाच्या हायत. त्याचा हात जड हाय, शेडो जाड पडलीय. दोन पेंटर होते. एक वस्ताद, एक शिकाऊ.'

लेबलवर लिहिलं होतं: एनॅमल ऑन टिन, तीस पॅनल्स. बास. टेबलाशी बसलेल्या मुलीला मी विचारलं. ती गोड हसली. म्हणाली, कन्सेप्ट पूर्ण आर्टिस्टचा आहे, एक्झिक्यूशन फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते खरंच बुचकळ्यात पडले. त्यांच्या डिक्शनरीत फॅब्रिकेटर म्हणजे ग्रिल आणि गेट बनवणारा.

बाहेर आलो. जहांगीरमधलं समोवार असतं तर तिथे बसलो असतो, पण ते २०१५ सालीच बंद झालं, आणि माझ्या पिढीने त्याबद्दल उसासे टाकणं म्हणजे जरा ओव्हरच आहे, आम्ही तिथे किती वेळा गेलो होतो? जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर, जिथे चित्रं मांडून विकतात, त्याच्या जवळ कटिंग चहा घेऊन उभे राहिलो. मला वाटलं मामा चिडले असतील. ते चिडलेले नव्हते, उत्तेजित झाले होते. अठरा वर्षांनी त्यांनी कुणाच्या तरी हातचा ताजा एनॅमल बघितला होता.

आणि मग मला कळलं की परंपरा या शब्दाचा माझा अर्थ आणि मामांचा अर्थ फार वेगळा आहे. माझ्या डोक्यात परंपरा म्हणजे अजिंठा, मिनिएचर, म्युझियममधली काच. जेजेवाल्या मैत्रिणीच्या डोक्यातही तेच, कारण तिच्या कॉलेजचा इतिहासच तो. १८५७ साली सुरू झालेलं कॉलेज. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून पुढे बरीच वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतल्या चित्रांच्या हुबेहूब नकला करत होते. त्या नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. परंपरा म्हटली की आपल्याला हे असलंच काहीतरी आठवतं, दूरचं, जुनं, अर्धं जळालेलं.

मामांची परंपरा बसस्टँडजवळची. त्यांचे वस्ताद बाबूराव पेंटरांचं नाव घेताना कानाला हात लावायचे. बाबूराव (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री. आपला धंदा त्यांनी आडनाव म्हणून लावला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, मग सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला, १९२०मध्ये 'सैरंध्री' काढला आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. पडदा, पोस्टर, कॅनव्हास असे कप्पे त्या माणसाने केलेच नाहीत. एम. एफ. हुसेनही, पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. मामांच्या मते त्यात काही रोमँटिक नाही. 'मग काय रंगवणार? पोट हाय की.'

या परंपरेचा मूळ पुरुष मात्र राजा रविवर्मा. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला, जर्मन मशिनं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर त्याच जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. महाराजांच्या दिवाणखान्यात बसणारी ऑइल पेंटिंगमधली लक्ष्मी त्या छापखान्यातून घराघरात गेली. देवघरात, मग कॅलेंडरवर, मग काडेपेटीवर. आज आपण डोळे मिटून 'लक्ष्मी' म्हटलं की कमळात उभी, चार हातांची, शेजारी हत्ती अशी जी बाई दिसते ती साधारण सव्वाशे वर्षांची आहे. ती पेंटिंगमधूनच आली आहे, पण तिला कुणी पेंटिंग म्हणत नाही. मामांनी ती किमान दोनशे वेळा काढली असेल.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि एनॅमलच्या मागे लागले. म्हणजे जो रंग मामा खिडकीच्या गजांना आणि किराणा दुकानाच्या पाटीला वापरायचे, तो गॅलरीत कधी पोचला? थोडं आधीपासून माहीत होतं, बरंचसं त्या रात्री जुळलं.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'कोरा कॅनव्हास' या त्यांच्या पुस्तकामुळे ऐकलेलं असतं. नागावचा माणूस, जेजेचा विद्यार्थी, मग बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरी. तिथे तांत्रिक चित्रांशी गाठ पडली. पण गंमत बघा, त्यांच्या कितीतरी कॅनव्हासवरचा रंग ऑइल नाही, एनॅमल आहे. घड्याळाचा काटा, पान, शिंपला, एखादी सावली, सगळं अगदी शांत आणि तरंगतं. ती जी चकचकीत, ब्रशची खूण न उरणारी सपाट जमीन असते ना, ती याच रंगाची. फोनवर एक चित्र मामांना दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा मिटला. 'एनॅमल. सोपं न्हाई. ह्यो रंग सपाट लावताना हात थांबला की रेघ पडती.' बरवे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. थांबलेला हात त्यांना दिसत नव्हता, एवढं पुरेसं होतं.

मग भूपेन खक्कर. हा माझा पर्सनल हीरो, आणि तुमचाही व्हायला हरकत नाही, कारण हा माणूस चार्टर्ड अकाउंटंट होता. १९३४ साली मुंबईत जन्मला, पुढे बडोद्याला गेला, पार्टटाइम अकाउंट्स लिहीत राहिला आणि चित्रं काढत राहिला. साठच्या दशकात त्याने बाजारातल्या देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे कापून कोलाज केले. म्हणजे थेट रविवर्माच्या नातवंडांनाच कात्री. १९७२च्या सुमाराला 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डिलक्स टेलर्स' अशी चित्रं काढली. एका बाजूला अकाउंट्सच्या वह्या आणि दुसऱ्या बाजूला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान! त्याच्याआधी असल्या दुकानात शिरून चित्र काढावं असं आपल्या मोठ्या चित्रकारांना फारसं वाटलं नव्हतं. २०१६ साली, तो गेल्यावर तेरा वर्षांनी, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं.

आणि घाटकोपरचे अतुल दोडिया. १९९४चं 'द बॉम्बे बकॅनियर' मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोठ्याने हसले होते. 'बाझीगर'चं पोस्टर आठवतं? शाहरुख, बंदूक आणि गॉगल. तीच पोज, फक्त माणूस म्हणजे स्वतः दोडिया. आणि गॉगलच्या काचांत हीरोइनी नाहीत, एका काचेत डेव्हिड हॉक्नी आणि दुसरीत भूपेन खक्कर. आपले वाडवडील कोण, हे याहून कूल पद्धतीने कुणी सांगितलेलं मी बघितलं नाही. पुढे २०००च्या आसपास याच दोडियांनी कॅनव्हास सोडून दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढायला घेतली. एनॅमलमध्येच.

जेजेवाल्या मैत्रिणीला मी रात्री अकरा वाजता मेसेज केला, की पेंटिंग ओव्हर नाहीये, ते शटरवर गेलंय. तिचं उत्तर आलं, 'एक्झॅक्टली, म्हणजे ओव्हर.' मी म्हटलं, मग सुधीर पटवर्धनांचं काय? ठाण्यातले रेडिऑलॉजिस्ट, २००५ साली डॉक्टरकी थांबवली, आणि तेव्हाही आणि त्याआधीही सरळ कॅनव्हासवर चित्रं. एनजीएमएमध्ये २०१९च्या शेवटापासून २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि असाइनमेंट म्हणून गेले होते. त्यांच्या चित्रातलं शहर एका जागी उभं राहून बघता येत नाही. रस्ता वरून दिसतो, माणूस समोरून, घराचं आतलं बाहेर. मला तेव्हा वाटलं, अरे, हे तर मिनिएचरसारखं आहे, फक्त राजवाड्याऐवजी ठाण्याचा पादचारी पूल. असाइनमेंटमध्ये मी तसं लिहिलं. सात मार्क मिळाले, दहापैकी. मैत्रिणीने यावर अंगठा पाठवला आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना दोडियांचं २००२मधलं 'महालक्ष्मी' दाखवलं. ते दोन भागांत आहे. बाहेर शटर, त्यावर देवी, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मामा खूश. 'शटरवर तोंड काढणं लई अवघड. पट्ट्या गोल असत्यात, समोरनं सरळ वाटणारी रेघ बाजूनं तुटती. डोळा नेमका सांध्यावर आला तर देवी तिरळी दिसती. गिऱ्हाईक पैसं देत न्हाई.' त्यांनी झूम करून डोळे बघितले. पास केले.

मग मी पुढचा फोटो काढला. शटर वर गेल्यावर आत जे चित्र आहे ते. तीन मुली, गळफास घेतलेल्या. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून जीव दिलेल्या बहिणी.

मामांनी फोन खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं चूक केली, ऑपरेशन झालेल्या माणसाला सकाळी सकाळी हे कशाला दाखवलं. मग ते म्हणाले, 'शटर खाली असलं की नुसती देवीच दिसती. बरोबर केलंय त्यानं.'

मी आजवर या चित्रावर बरंच वाचलं आहे, इंग्लिशमध्ये, मोठमोठ्या शब्दांत. पण रविवर्माच्या लक्ष्मीशी आजच्या चित्रकाराचं नातं काय, हे मला मामांच्या त्या वाक्याने समजलं. तो तिची टिंगल करत नाहीये आणि पूजाही करत नाहीये. तिला रोज वर-खाली करणारं घर कसलं आहे ते बघतो आहे. आणि ते दिसण्यासाठी देवी नीटच काढावी लागते. ती वाकडीतिकडी काढली असती तर शटर उचलताना काहीच झालं नसतं.

तर परंपरा तुटलेली नाही, हे मला आता पक्कं वाटतं. फक्त ती मुजऱ्यासारखी चालत नाही, भाऊबंदकीसारखी चालते. भांडण असतं, वाटणी असते, पण सातबारा एकच. माझ्या कॉलमचं हेडिंग गेलं, ठीक आहे.

पण त्या तीस पाट्यांचं काय करायचं? ते मनातून जाईना. तिथे तर संबंध अगदी थेट होता. परंपरेतलाच हात, परंपरेतलाच रंग, अक्षराचं वळण तेच. फक्त तो हात ज्याचा, त्याचं नाव नव्हतं. आपल्या पिढीला हे कळायला हवं खरं तर. आपण सगळेच कुणाची तरी प्रेझेंटेशन्स बनवतो ज्यावर आपलं नाव नसतं. मी स्वतः एका कंपनीच्या बड्या माणसासाठी दोन लेख लिहिले आहेत जे त्याच्या नावावर छापून आले, आणि चेक वेळेवर आला म्हणून मी वर्षभर आनंदात होते.

वारली चित्रांचं उदाहरण बघा. लग्नघरात चौक लिहिणाऱ्या सुवासिनी होत्या, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, कुडाची भिंत. पिढ्यान्पिढ्या बायका. त्यातल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. मग सत्तरच्या दशकात डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी (१९३४–२०१८) लग्न नसतानाही, रोज, स्वतःसाठी चित्रं काढायला घेतली, कागदावर, कापडावर. ते जगभर गेले. २००३मध्ये जर्मनीत रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ला पद्मश्री मिळाली. वारली चित्राला नाव मिळालं ते असं, आणि माणूस तेवढा थोर होताच. पण नाव मिळालं तेव्हा ते बाईचं नव्हतं, हेही खरं. आणि आता तीच त्रिकोणी माणसं आपल्या ऑफिसच्या मगवर नाचतात, तिथे तर कुणाचंच नाव नसतं.

हे सगळं मी मामांना जरा तावातावाने सांगत होते. पोहे गार झाले. म्हटलं, मामा, मी लिहिणार आहे, की पेंटरचं नाव लेबलवर पाहिजे होतं. अन्याय आहे हा.

मामा म्हणाले, 'लिही की.' मग जरा थांबून, 'माझ्या बोर्डावर कोपऱ्यात काय असायचं, आठवतं का?'

आठवतं. उजव्या कोपऱ्यात खाली, बारीक तिरप्या अक्षरात मामांच्या आर्ट्सचं नाव आणि फोन नंबर. लहानपणी कोल्हापुरात फिरताना मी ते शोधत बसायचे. प्रत्येक बोर्डावर सापडलं की मला भारी वाटायचं.

'गाळ्यावर माझ्याकडं तीन पोरं होती. अस्तर ती मारायची, सूत ती मारायची, निम्म्या अक्षरांत रंग ती भरायची. एक तर चेहरे काढायचा. माझ्यापरीस बरे.'

'आणि त्यांचं नाव?'

मामांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला. 'बोर्डावर जागा किती असती?'

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं आणि अजून नाही. रविवर्माच्या छापखान्यात दगडावर रेघ ओढणारे, एकेका रंगाचा वेगळा दगड तयार करणारे कारागीर होते. छापील चित्राखाली नाव रविवर्मा. बाबूरावांच्या पडद्यांमागेही पोरं असणारच. मग गॅलरीतल्या त्या कलाकाराने केलं ते काय वेगळं? मला वाटतं, एक गोष्ट वेगळी आहे. मामांचा तो चेहरे काढणारा पोरगा चार वर्षांत शिकला आणि त्याने स्वतःचा गाळा टाकला. वस्तादाचं नाव लावून राबताना त्याला वस्ताद व्हायची वाट मोकळी होती. पाट्या रंगवणारा तो क-वाला माणूस कितीही वर्षं पाट्या रंगवून त्या गॅलरीच्या भिंतीवर जाणार नाही. त्याचा हात आत गेला आणि तो बाहेर राहिला. मग वाटतं, हे बोलायला मला सोपं आहे, मी तर त्या मिठाला वळसा घालून आत गेलेली, फुकटची वाइन धरलेली.

मी गॅलरीला मेल केला. विचारलं की पाट्या कुणी रंगवल्या, नावं मिळतील का, मला छापायची आहेत. दोन दिवसांनी उत्तर आलं, फार नम्र, की ते वर्कशॉपला विचारून कळवतील. मग मी, काय सांगू, त्यांना 'जस्ट अ जेंटल रिमाइंडर' पाठवला. अजून काही आलेलं नाही. आलं तर इथेच छापीन.

मामांचा दुसरा डोळाही झाला. कोल्हापूरला परत जायच्या आदल्या रात्री त्यांनी माझा फोन मागितला. त्यांच्या फोनमध्ये नंबर नव्हता, त्यांनी एका जुन्या डायरीतून काढला होता. तो चेहरे काढणारा पोरगा. आता पन्नाशीचा, इचलकरंजीत फ्लेक्सचं दुकान. फोन लागला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या नाहीत, मामांनी थेट विचारलं, 'अरे, त्या पेढ्याच्या दुकानाचं शटर आठवतंय का? महालक्ष्मी काढली होती बघ, मोठी. तिचे डोळे कुणी काढले होते रे, तू का मी?'

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण मामा ताडकन उठून बसले.

'न्हाई न्हाई, तू नाक काढलंस. डोळे माझे.'

मी कॉलम लिहायला बसले. बाल्कनीत मामा अर्धा तास भांडत होते.